बॅटरीवरची खिळ्यांची गन: ट्रिगर एकदा दाबला, खिळे दोन सुटले

धायरीकर_हौशी
शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, मी सुतार नाही. आठवडाभर लोकांची जीएसटीची रिटर्न भरतो आणि रविवारी चांगलं लाकूड वाया घालवतो, असं घरच्यांचं मत आहे.

आमच्या सोसायटीच्या गणपतीला यंदा वाड्याचा दिंडी दरवाजा उभा करायचा ठरलंय. २०१८ मध्ये थर्माकोल बंद झाल्यापासून आमची आरास प्लाय आणि रीपांवरच चालते. दरवाजा ८ फूट रुंद, १० फूट उंच. पुढे १२ मिमीचा प्लाय, मागे एक इंच बाय दीड इंचाच्या रीपांचा सांगाडा. गेल्या वर्षी हातोडीने चुका ठोकून ठोकून माझं मनगट विसर्जनापर्यंत दुखत होतं, म्हणून मेव्हण्याने त्याची १८ व्होल्टची बॅटरीवाली गन आणून दिली. १८ गेजचे खिळे लागतात, १५ पासून ५० मिमीपर्यंत कुठलेही बसतात. माहितीपुस्तक हरवलंय. मेव्हण्याकडे सगळंच हरवतं.

पहिले शंभरेक खिळे लोण्यात सुरी जावी तसे गेले. काल रात्री पार्किंगमध्ये रीप प्लायवर ठेवून डाव्या हाताने दाबून धरली होती. हात गनपासून चार बोटांवर असेल. ट्रिगर दाबला. एकदाच दाबला, गणपतीची शपथ. पण आवाज दोन झाले. एक खिळा जागेवर गेला आणि दुसरा रीपेच्या कुशीतून बाहेर येऊन माझ्या रबरी हातमोज्याच्या अंगठ्यात घुसला. मोज्याला भोक, अंगठ्याला ओरखडा, एवढ्यावर निभावलं. समोर सोसायटीतली सातवी-आठवीतली पोरं बघत बसली होती. "बॅटरी उतरली" असं सांगून गन पिशवीत घातली आणि वर आलो. घरी अजून बोललेलो नाही.

गन बिघडलीय का? मुठीच्या वर एक खटका आहे, त्यावर एक बाण आणि तीन बाण अशी दोन चित्रं आहेत. माझा खटका तीन बाणांवर होता, बहुतेक मेव्हण्यानेच ठेवलेला. चामड्याचे हातमोजे घेतले तर चालेल का? आणि चतुर्थीला अठरा दिवस राहिलेत, तेव्हा "सुताराला बोलवा" हा सल्ला कृपया कोणी देऊ नये. आमच्या मंडळाचं बजेट तुम्हाला माहीत नाही.


पेठेतला_पाहुणा
शुक्रवार, रात्री ११:०२

सुताराला बोलवा.

(राहवलं नाही. जाणकार येतीलच.)


नऱ्ह्याचा_मिस्त्री
शनिवार, सकाळी ६:१५

दादा, गन ठणठणीत आहे. तिला दोन खिळे मारायला तुम्हीच सांगितलंत.

गनच्या तोंडाशी स्प्रिंगवर मागेपुढे होणारी पट्टी असते, आम्ही तिला नाक म्हणतो. नाक लाकडावर दाबलं गेल्याशिवाय खिळा सुटत नाही. खटका एका बाणावर असला की आधी नाक टेकवायचं आणि मग ट्रिगर दाबायचा. पुढचा खिळा हवा असेल तर बोट सोडून परत पहिल्यापासून. तीन बाणांवर असला की ट्रिगर दाबून धरायचा आणि नाक जिथे टेकेल तिथे खिळा. याला आमच्यात बम्पिंग म्हणतात. आता तुमचं काय झालं बघा. पहिला खिळा सुटला, झटक्याने गन वर उडाली. तुमचं बोट ट्रिगरवर तसंच दाबलेलं, आणि गन उडाली म्हणून हाताने तिला आपोआप खाली रेटलं. नाक पुन्हा टेकलं, दुसरा खिळा सुटला. नवा माणूस गनवर जोर देतो, म्हणून त्याला हे जास्त होतं. ट्रिगर एकदाच दाबलात हे शंभर टक्के खरं, पण सोडला कधी?

म्हणून खटका एका बाणावर करा आणि विसरून जा. चित्रावर नुसता विश्वास ठेवू नका, तपासून घ्या. रद्दी फळी क्लॅम्पने टेबलाला आवळा, दुसरा हात पाठीमागे ठेवा, आधी ट्रिगर दाबून धरा आणि मग नाक टेकवा. खिळा सुटला तर गन अजून बम्पिंगवरच आहे. हे रोज काम सुरू करताना करायचं. त्याच वेळी बॅटरी काढून नाक बोटाने दाबून बघायचं, चटकन पुढे येतं का. काही साइटवर लोक ते नाक तारेने मागे बांधून ठेवतात. तशी गन दिसली तर तिथून उठून चहाला जा.

पण तो दुसरा खिळा राहू द्या बाजूला. तुमच्या पोस्टमधलं "चार बोटांवर" वाचून माझ्या पोटात गोळा आला.

मी ३१ वर्षं या कामात आहे. २०१४ साली औंधला एका फ्लॅटवर वॉर्डरोबचं काम चालू होतं. दुपारी तीनची वेळ, जेवण झालेलं. शटरच्या कडेला सागाची लिपिंग पट्टी लावत होतो. गन बम्पिंगवर नव्हती, चांगली एका बाणावर होती. पट्टी डाव्या हाताच्या चिमटीत धरलेली, गन सरळ. खिळा मारला, तो आत एका गाठीवर लागला. वरून ती गाठ दिसतसुद्धा नव्हती. खिळा आतल्या आत वळला, पट्टीच्या कुशीतून बाहेर आला आणि पहिल्या बोटाच्या मधल्या पेरात शिरला. उदबत्तीच्या काडीएवढा तर असतो. रक्त नाही, काही नाही. मी हात उचलला तर पट्टी हाताबरोबर वर आली, तेव्हा कळलं. हेल्पर पक्कड घेऊन धावला. आमचे म्हातारे मिस्त्री पलीकडच्या खोलीत पॉलिश करत होते, ते तिथूनच ओरडले, "पक्कड टाक खाली!" त्यांनी हातकरवतीने माझ्या बोटाच्या दोन्ही अंगाला पट्टी कापली. कापताना प्रत्येक घासाला बोटात जी कळ जायची ती सांगत नाही. मग बोटाला चार इंचाचं साग लटकवून मी स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी लाकडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "शाबास, ओढला नाहीत."

ते बोट आज पूर्ण मिटत नाही. चहाचा कप धरता येतो, स्क्रू चिमटीत धरता येत नाही.

तेव्हापासून माझ्या कारखान्यात एकच गोष्ट बघतो: दुसरा हात कुठे आहे. गन कुठे धरलीय ते पोरगं आपोआप बघतं, दुसऱ्या हाताकडे कोणाचं लक्ष नसतं. खिळा तुम्ही दाखवाल तिकडे जात नाही, लाकूड वाट देईल तिकडे जातो. गाठ लागली, रेषा तिरकी असली, आत आधीचा खिळा किंवा स्क्रू असला की तो वळतो. १८ गेजचा तर फारच वळतो, कारण जाडीच जेमतेम सव्वा मिलिमीटर. म्हणून हात एक फूट लांब. तुमच्याकडे रीप धरायला कोणी नसेल तर दोन सी-क्लॅम्प घ्या, बोहरी आळीत मिळतील. क्लॅम्प बसत नसेल तिथे रीपेवर दुसरी लांब रीप आडवी टाकून तिने दाबा. समोरच्या बाजूला माणूस धरून उभा करायचा नाही, त्याचं पोट गनच्या रेषेत येतं.

बॅटरीवाल्या गनची आणखी एक खोड आहे. कंप्रेसरच्या गनला पाईप असतो, पाईप काढला की ती मेली, आणि पाईप पायात येतो म्हणून ती जिवंत असल्याचं लक्षातही राहतं. हिला शेपूटच नाही. स्टुलावर पडलेली असते ड्रिलसारखी, कोणीही उचलतं. त्यातून वजन जास्त, हात दमला की गन तिरकी होते. तिरकी झाल्याने काय होतं ते माझ्या मुलीने मला हिशोब करून दिलाय (ती डिप्लोमाला आहे). १८ मिमी प्लायच्या कडेत बरोबर मध्यावर खिळा मारला तर दोन्ही बाजूंना ९ मिमी उरतात. खिळा ५० मिमीचा असेल तर नुसती दहा अंश गन कलली की टोक बाहेर. ३० मिमीचा असेल तर सतरा अंशांपर्यंत चालून जातं. लांब खिळा म्हणजे पक्कं काम असं समजून लोक ५० मिमी भरतात आणि बोट फोडून घेतात.

तुमच्या दरवाजाला ३० मिमीच घ्या, आणि उलट बाजूने मारताय ते थांबवा. रीपेतून प्लायमध्ये मारलात तर एक इंचाची रीप २५ मिमी खाते आणि प्लायमध्ये जेमतेम ५ मिमी शिरतो, धरणार काय? ४० मिमी घेतलात तर प्लायच्या तोंडातून टोकं बाहेर येतील, म्हणजे भाविकांच्या बाजूला. प्लायकडून मारा: १२ मिमी प्लायमध्ये, १८ मिमी रीपेत, आणि रीपेच्या मागे ७ मिमी शिल्लक. मधे फेव्हिकॉल. डोकी बारीक असतात, पुट्टी आणि रंगात गायब होतील.

आणि हे नीट ऐका. सांगाड्याचे सांधे या खिळ्यांवर सोडू नका. १८ गेजचा खिळा गोंद सुकेपर्यंत धरायला असतो, दहा फुटी दरवाजा पावसावाऱ्यात उभा ठेवायला नाही. सांध्यांना स्क्रू आणि पत्र्याचे कोन, आणि मागून दोन तिरके टेकू.

खिळा अडकला तर आधी बॅटरी काढायची, मग खिळ्यांची पट्टी काढायची, मग तोंड उघडायचं. काही गनच्या आत हवा कोंडलेली असते, बॅटरी काढली तरी तिच्यात दम असतो, म्हणून दोन्ही काढायचं. बऱ्याच गन शेवटचे काही खिळे आत ठेवूनच थांबतात. "मारत नाही म्हणजे रिकामी" असं धरून तोंडात डोकावू नका.

कामावर निघालो. पुढचं रात्री.


कंप्रेसरवाला
शनिवार, सकाळी ९:३०

मिस्त्री, बाकी सगळं मान्य, पण बम्पिंगला एवढं वाईट ठरवू नका. आमच्याकडे पॅकिंगची खोकी बनतात, दिवसाला हजारो खिळे. एकेक करून ट्रिगर सोडत बसलो तर संध्याकाळी मालक मलाच खोक्यात भरेल. हात बसलेल्या माणसाला काही होत नाही.


चाकणची_सेफ्टी
शनिवार, दुपारी १:१०

कंप्रेसरवाले, तुमची खोकी जिगमध्ये बसतात, माल आपोआप धरलेला असतो, तुमचा डावा हात मुळात त्यात नसतो. इथे एक गृहस्थ पार्किंगमध्ये उकिडवे बसून रीप हाताने धरतायत. दोन्हींना एक माप लावू नका.

"हात बसलेल्याला होत नाही" हेही खरं नाही. अमेरिकेत निऑश आणि ओशा या दोन सरकारी संस्थांनी २०११ मध्ये बांधकाम ठेकेदारांसाठी नेल गनवर एक पुस्तिका काढली. त्यात स्वच्छ लिहिलंय की बम्पिंगच्या ट्रिगरने इजा होण्याचा धोका एकेक मारायच्या ट्रिगरच्या साधारण दुप्पट असतो. घरबांधणीचं सुतारकाम शिकणाऱ्या पोरांपैकी पाचांतल्या दोघांना चार वर्षांत गनची इजा झालेली. निम्म्याहून जास्त इजा हाताला आणि बोटांना. आपल्याकडे असं कोणी मोजून ठेवत नाही, पण बोटं सारखीच आहेत.

धायरीकर, चष्मा लावत असाल तर तो गॉगल नव्हे. बाजू झाकणारा पॉलिकार्बोनेटचा घ्या. ईएन १६६ (डोळ्यांच्या संरक्षणाचं युरोपियन मानक) असं छापलेलं बघून घ्या. दुकानदार "हाच चालतो" म्हणेल, तरीही बघा. पोरांनाही द्यायचा विचार करत असाल तर करू नका, त्यांना तिथून उठवा.


रात्रपाळी
शनिवार, दुपारी ३:४५

मी कॅज्युअल्टीत नर्स आहे, त्यामुळे मला तुमचा पुढचा अंकच दिसतो.

आमच्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण खिळा स्वतः उपटून येतात आणि कागदात गुंडाळून दाखवायला आणतात. मिस्त्रींच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. खिळा हाडात, सांध्यात किंवा टेंडनमध्ये गेलाय का हे बाहेरून कळत नाही, एक्स-रे लागतो. भोक लहान म्हणून जखम लहान असं नसतं. सांध्यात शिरला असेल आणि तसाच घरी उपटला तर आत जे राहिलं ते आठ दिवसांनी पू होऊन बोलतं. या खिळ्यांची पट्टी गोंदाने चिकटवलेली असते, तो गोंदही आत जातो. तेव्हा ओढू नका, वाकवू नका. अंगठी असेल तर बोट सुजायच्या आत लगेच काढा, हात उंच धरा, आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

हातमोज्यांचं विचारलंत. चामड्याचा मोजा कुसळं अडवेल, खिळा नाही. उलट खिळा जाताना मोज्याचा तुकडा आत ढकलतो आणि आम्ही तो चिमट्याने शोधत बसतो. अंतर ठेवा, तोच मोजा.

तुमचा ओरखडा साबणाने नीट धुतलात का? धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. अशा जखमेला पाच वर्षं उलटली असतील किंवा आठवतच नसेल तर उद्यावर ढकलू नका. आणि घरी सांगा हो, त्या मोज्याचं भोक कधीतरी दिसणारच आहे.


नऱ्ह्याचा_मिस्त्री
शनिवार, रात्री ९:५०

कंप्रेसरवाले, चाकणच्या ताईंनी उत्तर दिलंच आहे. आमच्याकडेही बम्पिंगच्या दोन गन आहेत, पॅलेटला वापरतो, खाली ठेवून. शिडीवर, कोपऱ्यात, आणि नव्या माणसाच्या हातात कधीच नाही.

धायरीकर, शिडीवरून आठवलं. दहा फुटांवरचं काम वर चढून करू नका. दरवाजा जमिनीवर आडवा पाडून पूर्ण करा आणि मग चौघांनी उभा करा. वर एखादा खिळा राहिलाच तर गन बॅटरी काढून वर न्या, तिथे नीट उभे राहिलात की बॅटरी लावा. चालताना ट्रिगरवर बोट नाही, मुठीवर. आणि या गनने पार्किंगच्या खांबाला किंवा भिंतीला काही मारायला जाऊ नका. काँक्रीटचे खिळे वेगळे, त्यांची गन वेगळी. हा खिळा काँक्रीटवर आपटून उलटा येतो.

पावसात प्लाय ओला झाला असेल तर खोलीचं चाक एकदोन दात मागे घ्या, नाहीतर खिळा आरपार बुडेल. खिळ्यांची नवीन पेटी उघडली की आधी तुकड्यावर दोन खिळे मारून बघा.


धायरीकर_हौशी
रविवार, रात्री ८:२०

सगळ्यांना धन्यवाद. पेठेतले पाहुणे, तुम्हालाही.

हिशोब देतो. इंजेक्शन काल संध्याकाळीच घेतलं. शेवटचं कधी घेतलं ते आठवत नव्हतं, बायकोला आठवत होतं: २०१६, रंगकाम करताना पत्रा लागला तेव्हा. म्हणजे ओघाने मोज्याची गोष्टही सांगावी लागली. त्यावर काय झालं ते इथे लिहीत नाही.

खटका एका बाणावर करून त्यावर लाल चिकटपट्टी मारली. मिस्त्रींनी सांगितलेली परीक्षा केली, आधी ट्रिगर मग नाक: गप्प. मग मुद्दाम तीन बाणांवर करून बघितलं, फळी आवळलेली, हात पाठीशी. ठक-ठक! दोन खिळे एकमेकांपासून एका बोटावर. हे आधी माहीत असूनही दचकलो. खटका एका बाणावर आणून चिकटपट्टी परत लावली.

बोहरी आळीतून चार सी-क्लॅम्प आणले, दोन कमी पडले असते. हात एक फूट लांब ठेवायचं सांगणं सोपं आहे, प्रत्यक्षात हात पुन्हा पुन्हा जवळ सरकतो, मला स्वतःलाच पकडावं लागत होतं. शेवटी नवव्या मजल्यावरच्या काकांनी उपाय काढला. त्यांनी त्यांची शाळेतली फूटपट्टी आणून प्रत्येक वेळी गन आणि माझा हात यांच्यामध्ये धरायला सुरुवात केली, तीसुद्धा उलट बाजूला उभं राहून. त्यांना गनच्या रेषेतून बाजूला करण्यात अर्धा तास गेला. पोरांसाठी दोन खांबांना दोरी बांधली. ती दोरीपलीकडे खुर्च्या मांडून बसली आणि प्रत्येक खिळ्याला टाळ्या वाजवत होती.

एक गाठ मिळाली. रीपेवर आधी खडूने गाठींभोवती गोल काढून ठेवले होते, तरी एक सुटली. खिळा अर्धा गेला आणि रीपेच्या बाजूने नखाएवढं टोक बाहेर आलं. माझा हात तिथून सव्वा फुटावर होता. ते टोक बराच वेळ बघत बसलो. काढलं नाही, रंगवताना त्या जागी पितळी फूल बसवणार आहे.

माहितीपुस्तकही सापडलं. सासूबाईंनी त्यात लाइट बिलं जपून ठेवली होती. पान ४ वर एक बाण, तीन बाण, सगळं छापलेलं आहे.


नऱ्ह्याचा_मिस्त्री
रविवार, रात्री ९:०५

बरं झालं. त्या टोकाला बाहेरून कानसीने घासून गुळगुळीत करा, फूल बसवेपर्यंत कोणाचा तरी सदरा फाटेल.

दिंडीची कडी प्लायची करणार का खरी? खरी हवी असेल तर बुधवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर जा. लोखंडी मिळते, घासाघीस करा. आणि ती बसवायला खिळे नाही, नटबोल्ट. पोरं लोंबकळणार आहेत त्याला.